अण्णांचा झटका उजव्या मेंदूत, मग वाचा कशी गेली?

कंपोझिटरची_लेक

नमस्कार मंडळी. इथे कित्येक वर्षं नुसती वाचक आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, तोही रात्री दीड वाजता. विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

माझे वडील, वय ७२. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वाईतल्या एका छापखान्यात त्यांनी ३१ वर्षं खिळे (छपाईची शिशाची अक्षरं) जुळवले. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पहाटे न्हाणीघरात पडले. साताऱ्याला नेलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुंबल्याचं दिसलं. डावा हात लुळा, डावा पाय ओढत चालतात, तोंड जरा वाकडं. उजवा मेंदू आणि डावं अंग, एवढं आपल्यालाही माहीत असतं.

पण त्यांची वाचाही गेली. समजतं सगळं. "खिडकी लावू का?" विचारलं की मान हलवतात. आई काही विसरली तर डोळे वटारतात. पण स्वतः बोलायला गेले की "ते... ते... ते..." आणि मग कपाळाला हात.

जिथे ठेवलं होतं तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट समोर धरून सांगितलं, "भाषेचं केंद्र डाव्या मेंदूत असतं, यांचा झटका उजव्यात आहे. वाचा जायचं कारणच नाही. मनाने खचलेत, बोलायचं नाही म्हणून बोलत नाहीत. घरी न्या आणि बोलतं करा." झालं! तेव्हापासून जो येतो तो अण्णांना बोलतं करतोय. काका तर खुर्ची ओढून समोर बसतात, "अरे, सोड की हट्ट." अण्णा भिंतीकडे तोंड फिरवतात.

मला तीन गोष्टी कळत नाहीयेत.

पहिली, पाढे. माझा मुलगा चौथीत आहे. परवा तेराचा पाढा घोकत होता, साताला अडकला. तेवढ्यात पलंगावरून अण्णांचा आवाज, खणखणीत, "तेरा साते एक्क्याण्णव, तेरा आठे चारोदरसे, तेरा नव्वे सतरोदरसे, तेरा दाहे तीसासे." आम्ही सगळे जागच्या जागी. मी धावत जाऊन विचारलं, "अण्णा, पाणी हवंय?" तर पुन्हा "ते... ते..." उशी खाली पडली तेव्हा एक कचकचीत शिवीसुद्धा स्पष्ट निघाली. त्यावर आई म्हणाली, "बघा, येतंय की बोलता! डॉक्टर म्हणतात तेच खरं." आणि रडायला लागली.

दुसरी, ताट. आमची आई आजारपणातही ताट रीतीने वाढणार. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटीची वाटी. अण्णा उजवीकडचं चाटूनपुसून खातात आणि डाव्या बाजूला बोटही लावत नाहीत. या माणसाला आयुष्यभर लसणाच्या चटणीशिवाय घास उतरला नाही. परवा बोटांची चिमूट करून चटणीच मागत होते. आई म्हणाली, "ही काय, समोर तर आहे!" मी ताट अर्धं फिरवून ठेवलं, तर चटणी खाल्ली आणि भाजी तशीच.

तिसरी, हात. अण्णा मुळात डावरे. शाळेत गुरुजींनी पट्टीने आणि घरी आजीने नैवेद्याच्या धाकाने त्यांना उजवं केलं. जेवण आणि लिहिणं उजव्या हाताने, अक्षर वळणदार. पण छापखान्यात ते पुन्हा डावरे व्हायचे. बाकीचे खिळेजुळारी स्टिक (जिच्यात ओळ जुळवतात ती पट्टी) डाव्या हातात धरायचे आणि उजव्याने केसमधून, म्हणजे खिळ्यांच्या पेटीतून, खिळे उचलायचे. अण्णांचं बरोब्बर उलट. मालकाने पहिला आठवडा ओरडून पाहिलं, मग वेग बघून गप्प बसला. लहानपणी मी डबा द्यायला जायचे तेव्हा त्यांचा तो डावा हात बघत बसायचे. कोंबडीने दाणे टिपावेत तसा चालायचा, न बघता. तोच हात आता मांडीवर पडून असतो.

तर प्रश्न असा: मुळात डावरे असल्यामुळे त्यांची भाषा उजव्या मेंदूत असेल का? की गुरुजींनी हात बदलला म्हणून ती तिकडे सरकली? आणि पाढे येतात तर "पाणी" का येत नाही? कुणाच्या घरी असं झालंय का?

---

रात्रपाळी

ताई, ड्युटीवर आहे, तुकड्यातुकड्यात लिहितो. मी न्यूरॉलॉजीचा निवासी डॉक्टर आहे. न बघता निदान करणार नाही, पण दोन गोष्टी आत्ताच सांगून टाकतो.

"उजव्या मेंदूचा झटका म्हणजे वाचा जाणार नाही" हा नियम नाही, अंदाज आहे. बहुतेक वेळा बरोबर येणारा अंदाज. उजव्या हाताच्या माणसालासुद्धा क्वचित उजव्या मेंदूच्या झटक्याने वाचाघात होतो, म्हणजे भाषा जाते. त्याला क्रॉस्ड अफेजिया हे नाव १८९९ मध्येच मिळालंय. आणि तुमचे वडील तर मुळात डावखुरे! फाइलमध्ये 'हात: उजवा' असं लिहिलेलं असणार, बघा. सही उजव्या हाताने केली की आपण तसंच लिहितो. मीही लिहिलंय.

दुसरं, ताट. त्याला आम्ही निग्लेक्ट म्हणतो. डोळे ठीक असतात, डावी बाजू दिसते, पण मेंदू तिची दखल घेत नाही. रूढ मांडणी अशी की डावा मेंदू मुख्यतः उजवीकडे लक्ष ठेवतो आणि उजवा मेंदू दोन्हीकडे. त्यामुळे डावा बिघडला तर उजवा सांभाळून घेतो, पण उजवा बिघडला तर डावी बाजू बेवारस होते.

यातला माझा आवडता प्रयोग मिलानचा, १९७८ चा. बिसियाक आणि लुझ्झाती यांनी अशा रुग्णांना सांगितलं, डोळ्यांसमोर तुमच्या शहरातला कॅथेड्रलचा चौक आणा. तुम्ही चर्चकडे तोंड करून उभे आहात. काय काय दिसतं? त्यांनी फक्त उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग म्हणाले, आता चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहा, तोंड चौकाकडे. तर मघाशी गाळलेल्या इमारती धडाधड आल्या आणि मघाशी सांगितलेल्या गायब! म्हणजे आठवणीतल्या चौकाचीही डावी बाजू नाही. तुम्ही ताट फिरवलंत तो हाच प्रयोग, फक्त चटणीवर केलेला.

घरी करून बघा: कोऱ्या कागदावर फूटभर आडवी रेघ काढा, कागद त्यांच्या बरोबर समोर धरा आणि मध्यावर खूण करायला सांगा. खूण कुठे पडते ते कळवा. पलंगाची डावी बाजू उघडी असेल तर तिकडे भिंत किंवा लोड हवा. हे लोक त्याच बाजूने पडतात, दाराच्या चौकटीवर आपटतात.

पेजर वाजला.

---

वाचा_वाणी

मी स्पीच थेरपिस्ट आहे, २२ वर्षं हेच काम करतेय. कंपोझिटरताई, आधी घरातल्यांना हे वाचून दाखवा: ते हट्ट करत नाहीयेत. काकांना त्या खुर्चीवरून उठवा.

आता पाढे. आपण बोलतो ते सगळं एका जातीचं नसतं. "मला पाणी दे" हे वाक्य तुम्ही दर वेळी नव्याने जुळवता: शब्द शोधा, प्रत्यय लावा, क्रम ठरवा, तोंडाला हुकूम द्या. तुमच्या वडिलांच्या भाषेत सांगायचं तर एकेक खिळा उचलून ओळ बांधायची. पाढे, आरत्या, वार, महिने, शिव्या यांचा फर्मा मात्र आधीच बांधून ठेवलेला असतो. मशीनवर चढवायचा आणि छापायचा. वाचाघातात खिळे जुळवणं बंद पडतं, बांधलेले फर्मे बऱ्याचदा शाबूत राहतात. म्हणून पाढे येतात आणि पाणी येत नाही. यात लबाडी नाही. तुमच्या आईंना हे नीट समजावा. "येतंय की बोलता" ऐकून रुग्ण आतून फार दुखावतो, कारण त्याला सगळं कळत असतं.

ही गोष्ट या शास्त्राच्या पहिल्या दिवसापासूनची आहे. १८६१ मध्ये पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक माणूस पॉल ब्रोकाकडे आला. तिशीत वाचा गेलेली, २१ वर्षं तिथेच. काहीही विचारा, उत्तर एकच, "तां तां." पण फार संतापला की देवाच्या नावाने एक शिवी मात्र नीट हासडायचा. ५१ व्या वर्षी तो गेला. ब्रोकाने मेंदू पाहिला, तर डाव्या बाजूला पुढच्या भागात बिघाड. असे आणखी रुग्ण गोळा करून १८६५ मध्ये त्याने लिहिलं, आपण डाव्या मेंदूने बोलतो. पण पुढचं कुणी सांगत नाही: त्याच लेखात त्याने हेही मान्य केलं होतं की डावखुरी माणसं असतात तसे काही जण बोलण्यासाठी उजवा मेंदू वापरणारेही असणार. म्हणजे साताऱ्याच्या डॉक्टरांपेक्षा ब्रोका जास्त सावध होता!

आता तुमचा मूळ प्रश्न. डावखुऱ्यांची भाषा उजवीकडे असते का? बहुतेकांची नसते. इथेच लोकांची गफलत होते, आरशासारखं सगळं उलटं धरून चालतात. मॉन्ट्रियलमध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेआधी वाडा चाचणी करायचे. (आपला वाडा नव्हे, जुन वाडा नावाचे जपानी डॉक्टर.) मानेच्या एका बाजूच्या रोहिणीतून औषध सोडून मेंदूचा एकच अर्धा भाग काही मिनिटं झोपवायचा. रुग्ण दोन्ही हात वर करून आकडे मोजत असतो. औषध पोचलं की विरुद्ध बाजूचा हात धपकन खाली येतो. आकडेही थांबले, तर भाषा त्याच अर्ध्यात. अशा रुग्णांचे आकडे रासमुसेन आणि मिल्नर यांनी १९७७ मध्ये छापले. उजव्या हाताच्या ९६ टक्के लोकांची भाषा डावीकडे. डावखुऱ्यांमध्येही ७० टक्क्यांची डावीकडेच, १५ टक्क्यांची दोन्हीकडे, १५ टक्क्यांची उजवीकडे. पुढे २००० मध्ये जर्मनीत ३२६ निरोगी माणसांवर रक्तप्रवाह मोजून पाहिलं, सुई न टोचता. पक्क्या उजव्यांत ४ टक्के, पक्क्या डावखुऱ्यांत २७ टक्के लोकांची भाषा उजवीकडे निघाली.

म्हणजे अण्णा त्या अल्पसंख्याकांतले असू शकतात. हाताने शक्यता वाढते, खात्री होत नाही. खात्री त्यांच्या वाचाघातानेच होतेय: झटका फक्त उजवीकडे आणि भाषा गेली, तर निदान बरीचशी भाषा तिथे होती.

गुरुजींनी हात बदलला म्हणून भाषा सरकली का? नाही. पट्टीने पेन इकडचं तिकडे जातं, मेंदूतलं घर बदलत नाही. जर्मनीत २००२ मध्ये असे लहानपणी बळेच उजवे केलेले लोक उजव्या हाताने लिहीत असताना त्यांचे मेंदू तपासले. उजव्या मेंदूचा सहभाग इतक्या वर्षांनंतरही टिकून होता.

तेव्हा एक काम करा. लहानपणचं आठवणारं कुणी असेल तर विचारा: गोट्या कुठल्या हाताने मारायचे, विटी कुठल्या हाताने, खिळा ठोकताना हातोडी, सुईत दोरा, काडेपेटीची काडी. लिहिणं आणि जेवणं सोडून, कारण त्या दोन गोष्टी लोक शिकवतात. ही यादी घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. आणि थेरपी लगेच सुरू करा, पहिले काही महिने फार मोलाचे असतात. मराठीतूनच करा.

तोवर घरी: एका वेळी एकाच माणसाने बोलायचं. हो-नाहीचे प्रश्न. टीव्ही बंद. आणि बोलताना त्यांच्या उजवीकडे बसा.

---

निवृत्त_गुरुजी

बाई, तुमचा धागा दोनदा वाचला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं होतो. अण्णांचे गुरुजी मी नाही, पण असतो तर मीही तेच केलं असतं. केलंय. १९७८-७९ च्या सुमारास पहिलीच्या वर्गात दोन पोरं डावरी होती. एकाच्या हातावर पट्टी मारली नाही, पण पेन्सिल काढून दुसऱ्या हातात द्यायचो, रोज, वर्षभर. दुसऱ्याच्या आईनेच सांगितलं होतं, "गुरुजी, एवढं वळण लावा, पंगतीत पोराची शोभा होते." आपल्या भाषेतच बघा ना. पोरीचं लग्न झालं की ती उजवली, आणि भेदभाव केला की डावं-उजवं केलं.

त्यातला पहिला पोरगा पुढे क्रिकेट डाव्या हाताने खेळायचा आणि माझ्याकडे बघून हसायचा.

मला कुणी तरी एकदा म्हणालं होतं की हात बदलला की पोर तोतरं होतं. तेव्हापासून मनात आहे. वाचा_वाणी मॅडम, खरं आहे का हे?

---

वाचा_वाणी

गुरुजी, ती समजूत १९२०-३० च्या दशकांतली, अमेरिकेतल्या सॅम्युएल ऑर्टन यांच्या मांडणीतून पसरलेली. दोन अर्ध्यांत कुणाचंच वर्चस्व राहिलं नाही की जीभ अडखळते, असं ते म्हणत. पुढच्या अभ्यासांत त्याला भक्कम आधार मिळाला नाही. तोतरेपणाचं ओझं घेऊ नका. पोराला वर्षभर त्रास झाला असेल, तो मात्र झाला.

आणि हात ही नुसती सवय नाही. बेलफास्टमध्ये पोटातली ७५ बाळं सोनोग्राफीत पाहिली होती, कुठला अंगठा चोखतात ते. मोठी झाल्यावर पुन्हा गाठलं. उजवा अंगठा चोखणारी साठच्या साठ उजवी निघाली. डावा चोखणाऱ्या १५ पैकी १० डावखुरी, ५ उजवी. म्हणजे तुमच्याकडे पहिलीत पोर आलं तेव्हा हात ठरून सहा वर्षं होऊन गेली होती.

---

दोन_मुलांची_आई

थोडं विषयांतर होतंय, पण उजव्या मेंदूचे जाणकार इथे आहेत म्हणून विचारते. आमच्या सोसायटीत मुलांसाठी 'उजवा मेंदू जागृत करा' असा वर्ग सुरू झालाय. आठ रविवार, फी १८,००० रुपये. म्हणे शाळा फक्त डावा मेंदू वापरते, त्यामुळे कल्पनाशक्ती झोपते. डोळ्यांवर पट्टी बांधून रंगसुद्धा ओळखून दाखवतात. धाकटा डावखुरा आहे, त्याला तर 'जन्मजात उजव्या मेंदूचा' म्हणून २,००० ची सूट देतायत.

---

शंकासुर

सूट घ्या आणि उरलेल्या १६,००० ची मुलांना सायकल घ्या.

पट्टी बांधून रंग ओळखणारी मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात. फट बुजवली की जागृती झोपते. हे आपल्याकडे अनेकदा जाहीर उघडं पाडलंय.

'माणूस डाव्या मेंदूचा की उजव्या मेंदूचा' हे खूळ आलं ते एका खऱ्या आणि भारी कामातून, हे मात्र मान्य. रॉजर स्पेरी, १९८१ चं नोबेल. अपस्माराच्या काही रुग्णांमध्ये दोन अर्ध्यांना जोडणारा सुमारे २० कोटी तंतूंचा पूल कापला होता, त्यांच्यावरचे प्रयोग. स्पेरींचे विद्यार्थी गॅझॅनिगा यांनी पुढे अशा एका रुग्णाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय दाखवला आणि उजव्याला बर्फात बुडालेलं घर. समोरच्या चित्रांतून जुळणारं निवडायला सांगितलं. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्याने फावडं. बरोबर आहे, बर्फ उपसायला फावडं. का निवडलंस विचारल्यावर बोलका डावा मेंदू, ज्याला बर्फ दिसलाच नव्हता, शांतपणे म्हणतो: कोंबडीचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की! माहीत नाही म्हणाला नाही. तिथल्या तिथे कारण बनवलं. मला तर यात आपले सगळे चर्चेचे कार्यक्रम दिसतात.

पण तो पूल तुमच्या मुलांचा शाबूत आहे. २०१३ मध्ये युटा विद्यापीठाने ७ ते २९ वयाच्या १,०११ जणांचे मेंदू तपासले. काही कामं डावीकडे जास्त, काही उजवीकडे जास्त, हे दिसलं. पण एखादा माणूस सबंध डावीकडचा आणि दुसरा उजवीकडचा, असं काही सापडलं नाही.

आणि डावखुरेपणाचं म्हणाल तर सचिन बॅटिंग उजवी करतो, लिहितो डाव्या हाताने. गांगुली बॅटिंग डावी करतो, लिहितो उजव्याने. गावसकर तर कर्नाटकविरुद्ध रणजीच्या उपांत्य सामन्यात रघुराम भटची फिरकी फारच वळायला लागल्यावर चक्क डावखुरा होऊन खेळला. त्याच्या मेंदूला कुठली फी लावायची?

---

रात्रपाळी

शंकासुर, शेवटच्या वाक्याला +१.

एकच भर. उजवा मेंदू मुका म्हणून मठ्ठ नाही. बहुतेकांच्या बाबतीत चेहरे ओळखणं आणि आवाजातला सूर पकडणं यात त्याचा मोठा वाटा. "वा, छान!" हे कौतुक की टोमणा, हे ओळखणं. उजवा मेंदू गेलेले काही रुग्ण व्याकरणशुद्ध बोलतात, पण सपाट, बातम्या दिल्यासारखे. बायको म्हणते, "हे आता माझ्यावर नीट चिडतसुद्धा नाहीत." कंपोझिटरताई, अण्णांचा सूर कसा आहे? आणि रेघेचं काय झालं?

---

कंपोझिटरची_लेक

उशीर झाला, माफ करा. १८ दिवस धावपळीत गेले. सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. काकांना वाचा_वाणी यांचा पहिला परिच्छेद दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण आता खुर्ची ओढत नाहीत. येताना पेढे आणतात, उजव्या बाजूला बसतात आणि स्वतःच शेतीचं बोलत राहतात.

रेघ: बारा इंचांची काढली. अण्णांनी खूण केली जवळजवळ नऊवर. मी म्हटलं, "अण्णा, नीट मध्ये." त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि त्याच जागी ठिपका गडद केला. ज्या माणसाने जन्मभर ओळीच्या दोन्ही कडांना सारखी जागा सोडली, त्याने. मी तो कागद आईला दाखवला नाही.

हात: आत्या ७८ वर्षांची, पाचवडला असते. फोनवर विचारलं तर म्हणाली, "डाव्याच की गं सगळं! गोट्या, विटीदांडू, झाडावर दगड. आंबा पाडायचा तर याला बोलवायचो. जेवताना मात्र आई डाव्या हाताला फडकं बांधायची." हे फडक्याचं अण्णांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

फाइल: रात्रपाळी, तुम्ही म्हणालात तेच. 'हात: उजवा'. पुण्यात दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टला दाखवलं. त्यांनी आत्याची यादी दोनदा वाचली. म्हणाले, वाचाघातच आहे आणि या झटक्यामुळेच आहे. आईने लगेच विचारलं, "म्हणजे मुद्दाम नाही ना?" ते नाही म्हणाले तशी आई खाली बसली. त्यांनी एक बरी गोष्टही सांगितली. ज्यांची भाषा दोन्हीकडे थोडीथोडी असते त्यांना सुधारायला जास्त वाव असतो. अण्णा त्यांतले असतील का, ते येत्या महिन्यांत कळेल.

थेरपी आठवड्यातून दोनदा, एक दिवस प्रत्यक्ष, एक दिवस मोबाइलवर. अर्धं वाक्य आम्ही म्हणायचं, शेवटचा शब्द त्यांनी. "चहात घालतात..." "साखर" आली परवा. "पाणी" अजून नाही.

सूर: हो, तो आहे. "ते... ते... ते..." मध्येसुद्धा चिडलेत की चेष्टा करतायत ते कळतं. आई तर म्हणते तिला भांडताही येतं त्यांच्याशी.

गुरुजी, तुम्हाला एक सांगायचं होतं. अण्णांचा डावा हात अजून उचलत नाही. सही, जेवण, खुणा, रेघा, सगळं चाललंय ते शाळेने लावलेल्या उजव्या हातावर. याचं काय करायचं मला कळत नाही. तुम्हालाही कळणार नाही बहुधा.

परवा संध्याकाळची गोष्ट. मुलगा पुन्हा तेराच्या पाढ्यावर बसला होता. त्याने (मुद्दाम की काय, मी विचारलं नाही) म्हटलं, "तेरा नव्वे एकशे सोळा." पलंगावरून "सतरोदरसे" आलं, ते आम्ही धरूनच चाललो होतो. पण मग अण्णा थांबले. उजव्या हाताचं बोट वर केलं, प्रूफ वाचताना करायचे तसं, ओठांशी बराच वेळ खटपट केली आणि म्हणाले, "चूक." आणि परत, "चूक. चूक."

पोरगं इतकं खूश झालं की त्याने अख्खा चौदाचा पाढा चुकीचा म्हटला.

चटणी आता आमटीच्या वाटीशेजारी वाढतो. अण्णा ती संपवतात, आणि मग थेरपीच्या बाईंनी शिकवलंय तसं आई ताटाच्या डाव्या काठावर चमचा वाजवते. तेव्हा ते मान वळवून लिंबू शोधतात. ताट असं उलटसुलट वाढायचं आईच्या जिवावर येतं. कुणी पाहुणे आले की ती आधी चटणी डावीकडे सरकवून ठेवते आणि ते गेले की परत उजवीकडे.